शिंतोडे चालतील, बुडवू नये

तोरिलने सत्तराव्या वाढदिवसाला काहीही मागितलं असतं तरी आर्नस्टाइन येल्लेची तयारी होती. लोकरीचा कोट, चांदीचा चमचा, फार तर कोपनहेगनची बोटसफर. तिने रेडिओ मागितला आणि तपकिरी चीज लावलेला पाव त्याच्या तोंडाच्या जरा अलीकडे थांबला.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी सरकारने जुनं रेडिओ प्रक्षेपण बंद केलं आणि डिजिटल आणलं, तेव्हा साऱ्या नॉर्वेने कुरकुर करत नवे रेडिओ घेतले. आर्नस्टाइनने कुरकुर केली, पण रेडिओ घेतला नाही. सोसायटीच्या वसंतातल्या सामुदायिक साफसफाईच्या दिवशी, अंगणात दंताळ्यावर रेलून, त्याने जाहीर केलं की जे काल फुकट ऐकू येत होतं ते आज ऐकण्यासाठी तो दमडी खर्च करणार नाही. शेजाऱ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. एकाने टाळीसुद्धा वाजवली. मग सगळे घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत दुकानातून नवे रेडिओ घेऊन आले. तेव्हापासून येल्ल्यांच्या घरात शांतता होती. तिला आर्नस्टाइन तत्त्व म्हणायचा. तोरिल काहीच म्हणायची नाही. ती फक्त रोज दुपारी नेमक्या एका वेळी खालच्या मजल्यावर ओत्तारकडे कॉफीला जायची. ओत्तारची कॉफी पिण्याच्या लायकीची नव्हती, पण त्याच्याकडे रेडिओ होता.

"लहानसा हवा," तोरिल म्हणाली. "सकाळी अंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये लावायला, आणि उन्हाळ्यात सुट्टीच्या केबिनवर बाहेर न्यायला. पाण्याने बिघडणार नाही असा. पिवळा मिळाला तर बरं."

आर्नस्टाइनने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्याने एका अटीवर संमती दिली: निवड त्याची. तोरिलने विचारलं, दुकानात जायचं आणि आणायचा, यात निवडायचं काय? चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने असा प्रश्न विचारावा, याचा अर्थ एक तर तिला नवरा अजून कळला नव्हता, किंवा कळला होता आणि तरीही ती आशा धरून होती.

आर्नस्टाइन बर्गन बंदरावरच्या कस्टममधून निवृत्त झालेला होता. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या बॅगा उपसल्या, त्याचा खोक्यावर छापलेल्या मजकुरावर विश्वास बसत नाही. खोक्यावर लिहिलंय 'बिस्किटं', तर आत बिस्किटं सोडून काहीही असणार, हा त्याचा अनुभव. शिवाय इतकी वर्षं ज्या यंत्राला त्याने नावं ठेवली, तेच घरात आणायचं तर ते देशातलं सर्वोत्कृष्टच असलं पाहिजे, म्हणजे मग पराभव वाटणार नाही. तो या विषयात शिरला. आठवड्याभरात त्याला बॅटऱ्या, आवाजाच्या पेट्या आणि पाणी अडवणाऱ्या रबरी कडा यांच्याबद्दल इतकं कळू लागलं, की जेवताना तोरिल माशाचे वडे त्याच्या ताटात न विचारता वाढू लागली. भरल्या तोंडाने तो कमी बोलायचा.

ही बातमी जिन्यात पोहोचायला वेळ लागला नाही. त्यांच्या जिन्यावर तीन घरं, एकावर एक. खाली ओत्तार, मधे येल्ले, वर गुडवाइग. ओत्तारची हयात फेरीबोटीवर गेलेली. त्याचं म्हणणं, रेडिओ घ्यायचा तर बोटीवरचा, नारिंगी, हँडल फिरवून चालणारा, वर दिवा असलेला. आर्नस्टाइनने विचारलं, अंघोळ करताना दिवा कशाला? ओत्तार म्हणाला, बुडणाऱ्या माणसाला असला प्रश्न पडत नाही.

गुडवाइग ही सोसायटीची अध्यक्ष. वृत्तीने ती जन्मतःच अध्यक्ष होती. निवडणूक ही पुढे उरकून घेतलेली बाब. ती म्हणाली की रेडिओ कोणताही घ्या, पण बाथरूममध्ये कशाला? तिचा लाकडी रेडिओ स्वयंपाकघरात असतो, रेडिओने असावं तिथे. मग तिने अगदी सहज विचारलं, तोरिल सकाळी बाथरूममध्ये साधारण किती वेळ असते? इमारतीचं गरम पाणी सामाईक होतं. त्या दिवसापासून आर्नस्टाइनला नळाखाली हात धुतानाही कुणीतरी मोजतंय असं वाटू लागलं.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याने तीन रेडिओ काढून ठेवले. हा मनुष्य पन्नाशीचा होता आणि असे आर्नस्टाइन त्याने पुष्कळ पाहिलेले असावेत, कारण तो खुर्ची ओढून बसला. पिवळ्या रेडिओच्या खोक्यावर लिहिलेलं होतं: शिंतोडे चालतील, बुडवू नये.

"शिंतोडा कुठे संपतो," आर्नस्टाइनने विचारलं, "आणि बुडणं कुठे सुरू होतं?"

विक्रेत्याने थोडा विचार केला. बर्गनमध्ये हा प्रश्न वाटतो तितका मूर्खपणाचा नाही. तिथे पाऊस वरून पडतो, बाजूने येतो आणि कधीकधी रस्त्यावरून उसळून पॅन्टमध्येही शिरतो. "तुम्हाला नाकात पाणी गेल्यासारखं वाटलं," तो शेवटी म्हणाला, "तर रेडिओलाही वाटलं असं समजा."

हे उत्तर आर्नस्टाइनला शास्त्रीय वाटलं नाही. पण पिवळा रेडिओ घेऊन तो घरी आला, आणि तोरिल तिच्या बहिणीकडे गेलेली पाहून त्याने चाचणी आरंभली. आधी शॉवरखाली धरला. रेडिओ बातम्या देत राहिला. मग तो अंगणात गेला, रेडिओ बाकावर ठेवला आणि फुलझाडांच्या नळीने त्यावर चहूबाजूंनी पाणी मारलं. खिडक्यांमध्ये पडदे हलले. कुणी काही बोललं नाही. त्या भागात एखाद्याला वेडा म्हणायची तीच पद्धत आहे. रेडिओ गातच होता. इथे शहाणा माणूस थांबला असता. पण 'बुडवू नये' ही सूचना आर्नस्टाइनला आव्हानासारखी टोचत होती. इतका टिकणारा रेडिओ बुडवायला मनाई करतो, म्हणजे कंपनी काहीतरी लपवतेय. कोपऱ्यात गुलाबांसाठी पावसाचं पाणी साठवलेलं पिंप होतं. त्याने रेडिओ त्यात बुडवला. पाण्याखालून गाण्याची एक ओळ आली, मग बुडबुडे आले, मग काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर झाला आणि म्हणाला की रेडिओ शिंतोड्यांनी बंद पडला. विक्रेत्याने मागचं झाकण उघडलं. आतून काउंटरवर पाणी आलं, आणि पाण्याबरोबर एक छोटी गोगलगाय आली. तिने शिंगं बाहेर काढली आणि ती खरेदीच्या पावतीच्या दिशेने चालू लागली.

"ही तुमच्या बाथरूममधली का?" विक्रेत्याने विचारलं.

आर्नस्टाइन ताठ मानेने बाहेर पडला. दुसरा रेडिओ त्याने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या दुकानातून घेतला, तोही पिवळा, म्हणजे घरी खुलासा करायला नको. तोरिलने तो पाहिला, हातात घेतला, 'छान आहे' म्हणाली आणि विचारलं की कालच्याचं काय झालं. बहिणीकडे बसलेल्या बाईला ओत्तारने फोन केला होता.

आता खरी अडचण पुढे आली. त्या इमारतीतली बाथरूम सगळ्या घराच्या मधोमध, चारी बाजूंनी काँक्रीट, खिडकी नाही. बेसिनवरच्या फळीवर रेडिओ ठेवला की तो गप्प. जुना रेडिओ निदान खरखरायचा. खरखर ऐकून माणसाला वाटायचं की पलीकडे कुणी तरी आहे, प्रयत्न करतंय. हा डिजिटल एक तर शुद्ध बोलायचा किंवा उकळत्या खळीसारखा दोन बुडबुडे काढून मौनात जायचा. आर्नस्टाइन रेडिओ डोक्यावर धरून बाथरूमभर फिरला. वॉशिंग मशीनवर मौन. आरशापाशी मौन. कमोडच्या झाकणावर उभं राहिल्यावर शेतकी बातम्यांतलं एक वाक्य आलं. शेवटी शॉवरच्या भिंतीवर, डोक्याच्या बरंच वर, एका टाइलपाशी रेडिओ असा स्वच्छ बोलू लागला, की निवेदिका भिंतीतच राहत असावी.

तिथे खुंटी मारायची असं त्याने ठरवलं. तोरिल म्हणाली की तिने रेडिओ मागितला होता, भिंत नव्हती मागितली. राहू दे, ती पुन्हा ओत्तारकडे जाईल. या वाक्यातला 'ओत्तार' आर्नस्टाइनला लागला. त्याने ड्रिल काढलं.

तो रविवार होता. रविवारी ड्रिल चालवू नये असा सोसायटीचा नियम आहे. तो जिन्यात चौकटीत लावलेला आहे आणि ती चौकट लावायला भोक पाडलं होतं ते शुक्रवारी. पण आर्नस्टाइनच्या मते हे ड्रिल चालवणं नव्हतं, हे एक भोक होतं. भोक झालं, खुंटी बसली, रेडिओ टांगला, चर्चमधली प्रार्थना स्वच्छ ऐकू येऊ लागली, आणि दारावरची घंटा वाजली.

गुडवाइग आधी रविवारबद्दल बोलली. ती सौम्यपणे बोलायची. तिचा सौम्यपणा ऐकून लोक घरं विकून जात. बोलता बोलता तिचं लक्ष आर्नस्टाइनच्या बाहीवरच्या पांढऱ्या भुकटीकडे गेलं. भोक कुठे पाडलं, तिने विचारलं. वास्तविक आर्नस्टाइनने इथे 'स्वयंपाकघरात' म्हणायला हवं होतं. पण खुंटी अगदी सरळ बसली होती आणि ती अजून कुणीच पाहिली नव्हती. त्याने गुडवाइगला आत नेऊन दाखवली.

गुडवाइग भिंतीकडे पाहत उभी राहिली. देवाची प्रार्थना चालू होती म्हणून असेल, तिने आवाज आणखी खाली आणला.

"आर्नस्टाइन," मग ती म्हणाली, "तू शॉवरच्या भिंतीला भोक पाडलंस."

ज्यांना हे वाक्य साधं वाटेल त्यांनी त्या देशात घर घेतलेलं नाही. तिथे टाइलच्या मागे पाणी अडवणारा एक पापुद्रा असतो. त्या पापुद्र्याचे नियम आहेत, तो लावणाऱ्याला परवाना लागतो, आणि त्याच्यावर विमा कंपनीची अशी माया आहे की त्याला टाचणी लागली तरी ती हात वर करते. माणूस बायकोला सोडून गेला तर शेजारी सांत्वन करतात. शॉवरच्या भिंतीला भोक पाडलं तर रस्ता ओलांडून पलीकडून जातात. गुडवाइगने जाण्यापूर्वी एवढंच सांगितलं की तिला हे कळवावं लागेल. कुणाला, ते तिने सांगितलं नाही. सगळ्यांना, असा त्याचा अर्थ निघाला.

त्या आठवड्यात आर्नस्टाइनला बरंच काही कळलं. सोसायटीकडून कळलं की विमा कंपनीला विचारावं लागेल. विमा कंपनीकडून कळलं की सोसायटीने आधी तपासणी करून घ्यावी. तपासणीवाल्यांकडून कळलं की विमा कंपनीचा क्रमांक असल्याशिवाय ते येत नाहीत, आणि विमा कंपनीकडून कळलं की तपासणी झाल्याशिवाय क्रमांक देता येत नाही. आर्नस्टाइनने हे सगळं फोनवर उभं राहून ऐकलं. कस्टममध्ये असताना त्याने स्वतः लोकांना अशाच प्रकारे दोन खिडक्यांच्या मधे फिरवलं होतं, आणि तेव्हा ते त्याला अत्यंत तर्कशुद्ध वाटलं होतं.

अखेर ओल मोजणारा आला. गालांवर लाली असलेला आनंदी मनुष्य, हातात टोकदार यंत्र. त्याने ते भोकाजवळ लावलं आणि यंत्र किंचाळलं. त्याने ते भोकापासून हातभर दूर लावलं, तरी किंचाळलं. दाराजवळ लावलं, तिथेही तेच. वर्षभराची सुट्टी एका दमात मिळाल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला की हे या भोकाचं काम नाही; ही ओल जुनी आहे, भिंतीभर आहे, आणि वरखालीही असणार.

त्या क्षणी आर्नस्टाइनच्या मनात जे उगवलं त्याला सूर्योदयच म्हणावं लागेल. म्हणजे तो गुन्हेगार नव्हता. त्याने इमारत वाचवली होती. ज्याला सगळे भोक म्हणत होते तो खरं तर शोध होता.

यंत्र वर गेलं. गुडवाइगच्या बाथरूममध्ये शॉवरशेजारी एक उंच, जड कपाट होतं. ते जरा सरकवायला सांगितल्यावर ती म्हणाली की ते सरकत नाही. दोघांनी सरकवलं. मागे भिंतीवर जगाच्या नकाशाएवढा काळा डाग होता आणि त्यात एक-दोन नवे खंडही दिसत होते. मग यंत्र खाली ओत्तारकडे गेलं. ओत्तारने डाग लपवला नव्हता. त्यावर त्याने बोटीचा निळा रंग तीन थर दिला होता आणि तो रंग फुग्यासारखा फुगला होता. आनंदी मनुष्याने बोट लावलं तर फुगा फुटला आणि ओत्तारच्या मोज्यांवर पाणी आलं. शिंतोड्यापेक्षा जास्त.

निष्कर्ष असा की तिन्ही बाथरूम उखडाव्या लागणार. टाइल, पापुद्रा, नळ, फरशी गरम ठेवणाऱ्या तारा, सगळं.

तळघरातल्या खोलीत सभा भरली. वेलदोडा घातलेले गोड बन होते, कॉफी होती. आर्नस्टाइन इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याची अपेक्षा फार नव्हती; एखादं धन्यवादाचं वाक्य, नोंद होईल असं. तो उठून उभा राहिला आणि त्याने शांतपणे मांडलं की वर्षानुवर्षं भिंती कुजत होत्या, दोन जबाबदार माणसांना ते ठाऊक होतं, एकीने कपाट लावलं, एकाने रंग लावला, आणि तिसऱ्याने, ज्याला अजून कुणी नीट नमस्कारही करत नाही, ड्रिल लावलं. तो खाली बसला. खोलीत बन चावल्याचा आवाज येत होता.

"आम्ही कधी भोक पाडलं नाही," ओत्तार म्हणाला.

खोलीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. आर्नस्टाइनला वाटलं होतं माणसं सत्य कळल्यावर बदलतात. ती बदलली नाहीत. त्यांनी दुसरा बन घेतला. गुडवाइगने ठराव वाचला. दुरुस्ती सोसायटी करणार. रविवारच्या नियमभंगाबद्दल येल्ले यांना लेखी समज. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमत पूर्ण व्हावं म्हणून तोरिलनेही हात वर केला. घरी जाताना तिने सांगितलं की ड्रिल खरंच रविवारी चालवायला नको होतं.

काम सुरू झालं तेव्हा तिन्ही घरांसाठी अंगणात एक लोखंडी खोली आणून ठेवली. आत शॉवर, बाहेर तीन पायऱ्या. सकाळी झग्यांमधली माणसं छत्र्या धरून रांगेत उभी राहू लागली. निम्मं आयुष्य एका जिन्यात काढलेल्या माणसांनी एकमेकांच्या पोटऱ्या प्रथमच पाहिल्या. आर्नस्टाइनशी कुणी बोलत नव्हतं. ओत्तार त्याला पाहून आकाशाकडे बघायचा. गुडवाइग छत्री खाली घ्यायची. पूर्वी असं झालं असतं तर आर्नस्टाइनने त्यांना तुच्छ लेखून सोडून दिलं असतं. आताही तो तुच्छ लेखत होता, पण झग्यात आणि रबरी बुटांत तुच्छतेला वजन येत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे दुपारी ओत्तारने तोरिलला कॉफीला बोलावणं बंद केलं.  ती खिडकीशी बसून विणायची, आणि घर इतकं शांत असायचं की सुयांचा आवाज यायचा. ही शांतता तत्त्वाची नव्हती. आर्नस्टाइनने आयुष्यात पहिल्यांदा ती ऐकली आणि त्याला ती सहन झाली नाही.

तोरिलचा वाढदिवस उजाडला तोच पावसात. बाजूने येणारा, थंड. ती टॉवेल घेऊन खाली गेली. तिचा नंबर पहिला नव्हता, पण ओत्तारने बाजूला होऊन तिला पुढे सोडलं. मागोमाग आर्नस्टाइन आला, बगलेत पिवळा रेडिओ. त्याने पायऱ्यांवरून तो आत दिला. लोखंडी खोलीत रेडिओने दोन बुडबुडे काढले आणि मान टाकली. तोरिलने दार किलकिलं करून तो परत त्याच्या हातात दिला.

"राहू दे, आर्नस्टाइन," ती म्हणाली. "बोलत नाही तो."

दार बंद झालं. आत पाणी सुरू झालं.

आर्नस्टाइन पावसात उभा राहिला. मग त्याने रेडिओ लोखंडी भिंतीला लावून पाहिला. मौन. पायऱ्यांच्या कडेला, मौन. तो भिंतीपासून दोन पावलं दूर गेला आणि रेडिओ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. एक शब्द आला, गेला. रांगेतली माणसं छत्र्यांखालून बघत होती. त्याचा झगा भिजून गुडघ्यांना चिकटला होता आणि वर केलेल्या बाह्यांमधून पाणी थेट बगलेपर्यंत वाहत होतं.

"डावीकडे," गुडवाइग म्हणाली.

तिने ते समोर बघतच म्हटलं. तो डावीकडे सरकला. व्हायोलिनचे चार सूर आले आणि तुटले.

"फार झालं," ओत्तार म्हणाला. "फेरीबोट वळवतोस का? अर्धं पाऊल. आता वर."

आर्नस्टाइन चवड्यांवर उभा राहिला, आणि अंगणभर गाणं वाजू लागलं. जवळच्याच हार्डांगेर भागातल्या व्हायोलिनवरचं, जुनं, लग्नात वाजतं ते. आतला पाण्याचा आवाज थांबला. मग आतून तोरिलने आवाज वाढवायला सांगितलं. आर्नस्टाइनचे दोन्ही हात अडकलेले होते. बटण शोधायला तो जरा जरी हलला असता तरी गाणं गेलं असतं.

गुडवाइग रांगेतून बाहेर आली. तिने हात उंच करून बटण फिरवलं. मग तिने आपली छत्री पुढे केली आणि काळजीपूर्वक रेडिओवर धरली, आर्नस्टाइनला पूर्ण बाहेर ठेवून.

त्या रेडिओला छत्रीची गरज नव्हती. हे आर्नस्टाइनइतकं त्या शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने तोंड उघडलं. छत्रीच्या काडीवरून पाण्याची धार नेमकी त्याच्या मानेत पडत होती. आत तोरिल गाण्याबरोबर गुणगुणत होती, सुरात नव्हे, आणि सगळं गरम पाणी संपवत होती. रांगेत कुणीच घड्याळाकडे पाहत नव्हतं.

त्याने तोंड मिटलं आणि टाचा आणखी जरा उंच केल्या.